टेपवरची शिट्टी

९ फेब्रुवारी

गाड्यांच्या कामाची नोंद ठेवायला छापून घेतलेल्या वह्यांपैकी ही एक कोरी राहिली होती. प्रत्येक पानावर वर ‘गाडी नंबर’, मग ‘तक्रार’, आणि अगदी तळाला ‘तपासणाऱ्याची सही’. गाडी नंबरच्या जागी तारीख घालतो. तक्रार काय आहे ते हळूहळू कळेल. सही आजवर माझ्याशिवाय कुणी केलेली नाही.

रेकॉर्डवाल्या बाईंचं पत्र आलं. त्या दूर एका शहरात दोन खोल्यांमधून, कुठल्याच कंपनीला नको असलेल्या लोकांच्या रेकॉर्डी काढतात. माझ्या एकट्याची रेकॉर्ड काढायला तयार आहेत. दहा गाणी, जूनअखेर.

सव्वीस वर्षं आम्ही तिघं वाजवत होतो. बेसवाला विम्याच्या कामाला लागला आणि सज्जन झाला. ढोल्या, म्हणजे आमचा ड्रमर, मुलाकडे राहायला गेला. तिथे सातव्या मजल्यावर ड्रम चालत नाहीत. उरलो मी. पेपरवाले या संगीताला गॅरेज रॉक म्हणतात. मी तर खराच गॅरेजवाला. आठवडाभर गाड्या, सुट्टीच्या दिवशी गाणी. जागा तीच, ग्रीसचा वासही तोच.

शाळेने माझ्यापुढे हात टेकले तेव्हा पंधराव्या वर्षी मी रॉकेलमध्ये पार्ट धुवायला लागलो. पुढे जे काही झालं ते या दोन कानांच्या जिवावर. गाडी कोपऱ्यावर असतानाच कुठला सिलिंडर रुसलाय ते मी सांगतो. लोक मला उस्ताद म्हणतात ते हातासाठी नव्हे.

पत्र वाचून आनंद झाला आणि लगेच भीतीही वाटली. तिघांत चुकलं की दुसऱ्याकडे बघता येतं. आता बघायचं कुणाकडे?

हिला सांगितलं. ही गॅरेजच्या पलीकडच्या भागात गाड्यांच्या सीटची कव्हरं शिवते. म्हणाली, “भिंतीकडे बघा. ती काही बोलत नाही.” हल्ली ही जेवायला टेबलाच्या दुसऱ्या बाजूला, माझ्या उजवीकडे बसते. तिकडे खिडकीचा उजेड चांगला येतो.

१६ फेब्रुवारी

दोन गाणी झाली. एका सकाळीत दोन.

माझी पद्धत लिहून ठेवतो, म्हणजे उद्या मीच ती मोडायला निघालो तर स्वतःला दाखवता येईल. जुना चार ट्रॅकचा टेपरेकॉर्डर. गिटार, पायाखाली ढोल आणि गळा, तिन्ही एकदम. जोडकाम नाही, ठिगळ नाही. गिटारचा आवाज मोठा करणारा ऍम्प डाव्या हाताला तेलाच्या पिंपावर, कानाच्या उंचीवर, गेली सव्वीस वर्षं तिथेच. वाजवून झालं की एकदा ऐकायचं. चांगलं असेल तर ठेवायचं, नसेल तर तिथल्या तिथे पुसून त्याच टेपवर पुन्हा. वाईट झालेलं घरात ठेवायचं नाही; ठेवलं की माणूस त्याच्यावर माया करायला लागतो. शिवाय अशी टेप आता मिळत नाही, माझ्याकडे चार रिळं आहेत.

मी वाजवतो तेव्हा ही कानात कापूस घालते. मला बजावून थकली. कानात कापूस घालून वाजवायचं म्हणजे हातमोजे घालून कणीक मळायची.

दोन्ही गाण्यांचं रीळ बाईंकडे पाठवलं.

२ मार्च

तिसरं गाणं, जे मी वडिलांवर केलंय. वाजवलं झकास. ऐकायला बसलो तर मागे एक बारीक शिट्टी. सुरुवातीपासून शेवटपर्यंत, सुईसारखी. गाणं थांबलं तरी ती आहेच.

शिट्टी ऐकली की मला चेव येतो. नको असलेला आवाज हुडकणं हा तर माझा धंदा. ट्यूबलाइट काढली. फ्रीजची पिन काढली. हिच्या शिलाई मशीनची मोटर उघडून कार्बन बदलला. ही शेजारी उभी राहून म्हणाली, “मशीन बंद होतं की हो तेव्हा.”

“बंद असलं तरी वायरीत असतं.”

“काय असतं?”

“तेच शोधतोय ना.”

गाणं पुसलं. पुन्हा वाजवलं, पुन्हा शिट्टी. पुन्हा पुसलं.

९ मार्च

आज गॅरेजचा मेन स्विच पाडला आणि टेपरेकॉर्डर गाडीच्या बॅटरीवर चालवला. वडिलांचं गाणं पुन्हा. मला माझाच हेवा वाटावा असं झालं. शेवटची ओळ गाताना गळा जरा फाटला आणि तिथेच गाणं उभं राहिलं.

ऐकलं. शिट्टी.

एक विचित्र गोष्ट. टेपरेकॉर्डरवर आवाज दाखवणारा काटा असतो. गाणं संपल्यावर, शिट्टी चालू असताना, तो काटा तळाशी मेल्यासारखा पडलेला. म्हणजे काटाही बिघडलाय. दुखणी एकटी येत नाहीत.

ही पलीकडून उठून आली होती. डोळे ओले. सासऱ्यांचा हिला फार लळा होता. म्हणाली, “हे राहू द्या.”

“शिट्टी आहे त्यात.”

तिने डोळे पुसले.

“तुला नाही ऐकू येत?”

“मला मशीनच्या खडखडाटात आयुष्य गेलं,” ती म्हणाली. “मला काय विचारता?”

पुसलं. बटण दाबताना तिने तोंड फिरवलं.

१४ मार्च

मास्तरीणबाई आल्या होत्या. शेजारच्या शाळेत गणित शिकवतात. जुनी निळी गाडी, बारा वर्षं माझ्याच हाताखाली आहे. म्हणाल्या, “उस्ताद, पुढच्या डाव्या चाकात बारीक चिरचिर येते. वेग वाढला की वाढते.”

त्यांना शेजारी बसवून मोठ्या रस्त्यावर चक्कर मारली. दोन्ही काचा खाली केल्या. काही नाही.

“आत्ता येतेय,” त्या म्हणाल्या.

“बाई, गाडी जुनी झाली की मालकाला आवाज ऐकू येतात.”

त्या हसल्या. “तुम्ही म्हणताय तर नसेल.”

चाक उचलून हाताने फिरवून बघायचं होतं का? गरज वाटली नाही. इतक्या वर्षांत माझ्या कानाने कधी दगा दिला नाही.

१६ मार्च

शिट्टी रस्त्यावरच्या विजेच्या खांबातून येते असं ठरवलं आणि सगळं सामान गाडीत घालून गावाबाहेरच्या बंद पडलेल्या खाणीत गेलो. चहूकडे दगडाच्या भिंती. वायर नाही, खांब नाही, माणूस नाही. बॅटरीवर चौथं गाणं वाजवलं आणि ऐकलं.

शिट्टी माझ्याआधी तिथे पोचली होती. तेही पुसलं.

म्हणजे टेपरेकॉर्डरच. घरी येऊन पूर्ण उघडला. मोटर, पट्टा, हेड, सगळं स्वच्छ केलं. आत धूळ सोडून काहीही सापडलं नाही. धूळ शिट्टी मारत नाही.

खाणीत एक गोष्ट जाणवली. पूर्वी तिथे पाखरांचा कालवा असे. आज एकही नव्हतं. आमच्या अंगणातलीही कमी झालीत. समोरचं झाड तोडलं तेव्हापासून असावं. ही अजून रोज सकाळी दाणे टाकते, कुणासाठी कोण जाणे. संध्याकाळी दाणे मात्र संपलेले असतात. मुंग्या नेत असतील.

१९ मार्च

मास्तरीणबाईंच्या भावाचा फोन आला. शाळेतून येताना उतारावर पुढचं डावं चाक जाम झालं. गाडी फिरून कठड्यावर आदळली. कठडा होता म्हणून. पलीकडे नुसती दरी आहे.

मनगट मोडलं. बाकी सुखरूप.

मी दवाखान्यात गेलो. बाई उशीला टेकून बसल्या होत्या. म्हणाल्या, “उस्ताद, उजवा हात आहे. मुलं खूश होतील, महिनाभर फळ्यावर काही लिहिणार नाही मी.” मला हसता आलं नाही. त्यांनी एका शब्दाने चिरचिरीचा विषय काढला नाही. काढला असता तर बरं झालं असतं.

बेअरिंग काढून आणलं. बघणाऱ्याला रडू यावं असं झालेलं. असं बेअरिंग पाच दिवस आधी गप्प बसलेलं असणं शक्य नाही.

पण मी ऐकलं होतं. काचा खाली करून. मग?

पुढे विचार करत नाही.

३० मार्च

पाचवं गाणं पुसलं. सहावं तीनदा पुसलं. वडिलांचं एकदा आणखी. आता आकडा मोजत नाही.

आणखी एक. ऍम्पचा डावा स्पीकर क्षीण झालाय, म्हणून डावी बाजू वाढवत नेली. ही आज मशीन सोडून बाहेर गेली. खिळा टोचल्यासारखा आवाज येतो म्हणाली. स्वयंपाकघरातलं घड्याळ बंद पडलंय असं समजून मी दोनदा सेल बदलले. दोन्ही वेळा काटे बरोबर वेळ दाखवत होते.

रेकॉर्डवाल्या बाईंनी कुठवर आलंय असं विचारलं. वडिलांच्या गाण्याची आज घेतलेली फेरी कॅसेटवर उतरवून पाठवली. सोबत चिठ्ठी: ‘यात एक शिट्टी आहे. तुमच्याकडे चांगली यंत्रं आहेत, ती कुठून येते तेवढं सांगा.’ मग मूळ रिळावरून ती पुसली. नियम म्हणजे नियम.

६ एप्रिल

ढोल्या आला होता. तीन तास बसने. पोट वाढलंय, बोटं अजून टेबलावर चालू.

सकाळी घेतलेली नवी फेरी पुसायच्या आधी त्याला ऐकवली. “ऐकू येतेय?”

“काय?”

“शिट्टी.”

त्याने डोळे मिटले, मान वाकडी केली. “तुझा गळा ऐकू येतो. गिटार ऐकू येते. एका जागी तुझी ठेच लागते, तीही ऐकू येते. शिट्टी कसली?”

“बारीक. सतत.”

“उस्ताद, गाणं एकदम फर्स्ट क्लास आहे. शिट्टी काय घेऊन बसलास?”

मी मनात म्हटलं, हा सव्वीस वर्षं झांजांच्या मांडीवर बसला, याच्या कानात काय उरलं असणार? त्याच्याबद्दल वाईट वाटलं. त्याची झांज माझ्या डाव्या कानापासून हातभर अंतरावर असायची. नशीब, माझं काही बिघडलं नाही.

जाताना तो आणि ही फाटकापाशी बराच वेळ बोलत होते. मी अंगणात उभा होतो, पण एक अक्षर पोचलं नाही. लोक हल्ली तोंडातल्या तोंडात बोलतात. ढोल्याने जाताना मला मिठी मारली. सव्वीस वर्षांत मारली नव्हती.

१३ एप्रिल

रेकॉर्डवाल्या बाईंचं उत्तर.

‘कॅसेट तीन यंत्रांवर ऐकली. शिट्टी कुठेही नाही. आमच्या तंत्रज्ञाने आवाजाचा आलेखही काढून पाहिला, सपाट आहे. तुम्ही आजवर केलेलं हे सर्वांत चांगलं गाणं. मूळ रीळ लगेच पाठवा आणि कृपा करून त्याला हात लावू नका.’

दोनदा वाचलं. मग पत्र हातात घेऊन खिडकीपाशी उभा राहिलो. हिने नुकतेच दाणे टाकले होते. कठड्यावर एक चिमणी बसली होती, माझ्यापासून दोन हातांवर. चोच उघडत होती, मिटत होती. गळा थरथरत होता.

आवाज नव्हता.

आणखी दोन येऊन बसल्या. तिघी जीव तोडून ओरडत होत्या आणि काचेपलीकडे मुका सिनेमा चालला होता. काच उघडली. तेच. मी दोन्ही कानांत बोटं घातली, कदाचित शिट्टी थांबेल म्हणून.

ती मोठी झाली.

२० एप्रिल

आठवडाभर काही लिहिलं नाही. गाड्या घेतल्या नाहीत. सर्दी झालीय असं सांगितलं.

भीती म्हणजे काय हे मला ठाऊक आहे असं वाटायचं. जॅक घसरून गाडी छातीवर यायला निघाली होती एकदा. तेव्हाची भीती क्षणाची होती आणि बाहेरून आली होती. ही भीती आत बसलीय. सकाळी डोळा उघडायच्या आधी ती हजर असते. मी पाणी पितो, ती वाजते. हिच्याशी बोलतो, ती वाजते. मरेपर्यंत वाजत राहिली तर? आणि मरताना आजूबाजूचं सगळं थांबून शेवटी एवढीच उरली तर?

हिला अजून सांगितलेलं नाही. घाबरेल.

किती गाणी पुसली ते आज मोजलं. चार गाणी, अकरा फेऱ्या. अकराही स्वच्छ.

२८ एप्रिल

कानाच्या डॉक्टरांकडे गेलो. हिला म्हटलं होतं, सर्दीचं दाखवून येतो. ती चपला घालून दारात उभी. “मीही येते. मलाही जरा सर्दी आहे.”

एका मुलीने मला काचेच्या खोक्यात बसवलं, कानांवर हेडफोन, हातात बटण. ‘आवाज आला की दाबा.’ सुरुवातीचे भराभर दाबले. मग बराच वेळ काहीच येईना. एवढ्यात दिसलं, की समोरच्या काचेत तिच्या खांद्याचं प्रतिबिंब पडतंय. ती आवाज सोडायची तेव्हा खांदा किंचित हलायचा. खांदा हलला की मी बटण दाबायला लागलो. सात-आठ मस्त जमले. मुलगी उठून बाहेर गेली आणि डॉक्टरांना घेऊन आली.

डॉक्टर वयस्कर, शांत. त्यांनी खोक्याचं दार उघडलं. “काका, माणसाला ऐकू येत नाही असे आवाजही तुम्ही ऐकलेत.”

मी बटण मांडीवर ठेवलं.

“तिचा खांदा बघत होतात ना? बरेच जण बघतात. आता डोळे मिटून करू.”

डोळे मिटून फार वेळ लागला नाही.

डावा कान वरच्या अर्ध्या पट्टीत संपलेला. उजवाही त्या वाटेला लागलाय. शिट्टी ही त्या संपलेल्या भागाचीच. डॉक्टर म्हणाले, तिथून मेंदूला काही निरोप जात नाही, म्हणून मेंदू स्वतःच काहीतरी वाजवत बसतो. जाण्याची खात्री नाही. गेलेलं परत येत नाही. उरलेलं जपायचं असेल तर मोठा ऍम्प बंद. आज, आत्तापासून.

“काय जाईल पुढे?” मी विचारलं.

“आधी बारीक आवाज. पाखरं, घड्याळ. मग बायकांचे आणि मुलांचे आवाज अस्पष्ट होत जातात.”

हिचा आवाज बारीक आहे. लग्नाआधी मी तिला पाहिलं नव्हतं. भिंतीपलीकडून तिचं गुणगुणणं ऐकलं होतं.

“घरात कुणाच्या लक्षात आलं होतं?” डॉक्टरांनी विचारलं.

“नाही,” मी म्हणालो.

“मागच्या हिवाळ्यापासून,” ही म्हणाली.

बाहेर आल्यावर मी विचारलं, “मग बोलली का नाहीस?”

“दोनदा तोंड उघडलं. एकदा तुम्ही गाणं वाजवत होतात. एकदा पार्टवाल्याला सांगत होतात, माझे कान म्हणजे माझी इस्टेट.” थोडं चालून म्हणाली, “ज्याचं घर जळतंय त्याला उठवायचं असतं, कळतं मला. पण तुम्ही इतके खुशीत होतात. मग मी टेबलावरची जागा बदलली.”

उजेडाचं मीच ठरवलं होतं. तिने तसं कधीच म्हटलं नव्हतं.

१२ मे

रेकॉर्डवाल्या बाईंना खरं ते कळवलं. मूळ रीळ नाही हेही. त्यांचं उत्तर: कॅसेटवर खरखर आहे, पण तीच घेऊ. दहा नाही जमली तर सहा गाण्यांची छोटी रेकॉर्ड काढू. तारीख तीच.

दोन पाठवलेली, एक कॅसेटवरचं. तीन हवीत.

वडिलांच्या गाण्यातली ती ९ मार्चची शेवटची ओळ, गळा फाटलेली, ती कुठेही नाही. फक्त हिने ऐकलीय.

२१ मे

निळी गाडी दुरुस्त करून ठेवली होती. मास्तरीणबाई आल्या, प्लॅस्टर निघालंय, मनगट अजून बारीक. किल्ली घेतली आणि म्हणाल्या, “चालवून बघता ना एकदा? तुम्ही ऐकलंत की माझी काळजी मिटेल.”

चार गिऱ्हाइकं उभी होती. मी म्हणालो, “बाई, मला ऐकू येत नाही.”

“कुठला आवाज?”

“तो चिरचिरणारा. त्या दिवशी तो होता. तुम्ही बरोबर होतात. माझा डावा कान गेलाय, मला माहीत नव्हतं. माहीत असायला हवं होतं. चाक हाताने फिरवून बघितलं असतं तरी कळलं असतं, तेवढेही कष्ट मी घेतले नाहीत.”

सगळं गॅरेज गप्प झालं असावं. मला शिट्टी ऐकू येत होती.

बाई खूप वेळ माझ्याकडे बघत राहिल्या. गणिताच्या मास्तरणी चुकलेल्या उत्तराकडे बघतात तशा. मग म्हणाल्या, “चला. तुम्ही चालवा, मी ऐकते.”

चालवली. त्या काचेबाहेर कान देऊन बसल्या. परत येऊन मी गाडी उचलली, चारही चाकं एकेक करून फिरवली आणि तळहात लावून ठेवला. खराब बेअरिंग हाताला बारीक दाण्यासारखं लागतं. पंधराव्या वर्षी मला हे शिकवलं होतं. कान चांगले निघाले म्हणून मी विसरलो.

चार गिऱ्हाइकांपैकी दोन निघून गेली. दोन थांबली.

८ जून

मोठा ऍम्प कापडाखाली झाकला. छोटा आणला, आवाज दोनवर. माझ्या उजवीकडे, जमिनीवर. कानात कापूस, हिच्याच डब्यातला.

आता नियम असा: वाजवायचं मी, ऐकायचं हिने. पुसायचं बटण तिच्याकडे.

“मला गाण्यातलं काय कळतं?” ती म्हणाली.

“शिवण उसवलेली कळते ना?”

“ती अंधारातही कळते.”

“तेवढं पुरे.”

दोन गाणी घेतली. पहिलं तिने तीनदा पुसलं. निर्विकार चेहऱ्याने, शिलाई उसवावी तसं. तिसऱ्यांदा मला राग आला. “काय झालं त्याला?”

“दुसऱ्या कडव्यात तुम्ही घाबरलात.”

मी घाबरलो होतो. तिथे एक बारीक सूर लावायचा असतो आणि तो लागला की नाही हे मला कळत नाही. डोळे बांधून जिना उतरल्यासारखं. चौथ्यांदा पायरी आहे असं धरून पाय टाकला. तिने मान हलवली.

१५ जून

रेकॉर्डसाठीचं सहावं गाणं अजून हातात नव्हतं. सकाळी गिटार लावत बसलो होतो, तारा ढिल्या करून. एका क्षणी अंगावर काटा आला. गिटारची तार आणि आतली शिट्टी एकमेकींना चिकटल्या. शिट्टी फार उंच आहे, गिटारवर तेवढं उंच काही नाही. पण खाली, कितीतरी खाली, तोच सूर निघाला.

साडेतीन महिने मी तिला हुसकायला बघत होतो. ती कुठल्या सुरात आहे हे एकदाही विचारलं नव्हतं.

साऱ्या तारा तिच्या हिशेबाने लावल्या. गाणं दुपारपर्यंत झालं. थोडंच आहे. चिमण्या आहेत, निळी गाडी आहे, एक बाई आहे जी जागा बदलून बसते. शेवटी गिटार थांबते, गळा थांबतो, आणि मी टेप तशीच चालू ठेवतो. तिथे शिट्टी एकटी गाणं संपवते.

अजून भीती वाटते. वाजवताना वाटली, आत्ता लिहितानाही वाटतेय. उद्या सकाळी डोळा उघडेल तेव्हाही ती आधी उठलेली असेल.

२२ जून

सहावं गाणं एकाच फेरीत घेतलं. ही टेपरेकॉर्डरपाशी बसली होती. गाणं संपल्यावर मी हात वर करून तिला थांबवलं. काटा तळाशी पडलेला. पंधरा सेकंद, वीस सेकंद. मग मी हात खाली केला.

तिने ऐकलं. बटणावर बोट तसंच. मी तिच्या खांद्याकडे बघत होतो, हलतो का ते. सवय जात नाही.

“शेवटी काहीतरी राहिलंय,” ती म्हणाली. “एक सूर यायचा होता आणि आलाच नाही.”

“आलाय.”

तिने माझ्याकडे बघितलं. रीळ मागे घेतलं, शेवटचा भाग पुन्हा लावला आणि या वेळी डोळे मिटून, डोकं यंत्राला टेकवून ऐकत राहिली. टेप संपून रीळ नुसतं गरगर फिरायला लागलं तरी तिने डोळे उघडले नाहीत.

मग बटणावरचं बोट काढून घेतलं.

रीळ डब्यात घातलं. डब्यावर चिकटवायला मी याच वहीतलं एक पान फाडलं. गाडी नंबरच्या जागी गाण्याचं नाव लिहिलं. तक्रारीचा रकाना कोरा ठेवला. तळाच्या सहीसाठी पेन पुढे केलं, तर ती म्हणाली, “तिथे तुमची असते.”

“यापुढे नाही.”

तिने सही केली. शाळेतल्या मुलीसारखी, एकेक अक्षर सुटं. मग काहीतरी बोलली, डावीकडून. मला फक्त ओठ हलताना दिसले. तिच्याही लक्षात आलं. ती उठली, माझ्या पाठीमागून फिरून उजवीकडे येऊन बसली, आणि पुन्हा सांगितलं.